चावताना सणकन कळ, एक्सरे मात्र क्लीन: दाढेला चीर गेलीये का ते कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

एका ताईंनी विचारलंय, त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. वय 41, राहायला डोंबिवली, ऑफिस फोर्टला. दोन-अडीच महिन्यांपासून उजव्या बाजूने चावताना मध्येच सणकन कळ जाते, पण दर घासाला नाही, मऊ भाताला काही होत नाही आणि शेंगदाणा किंवा भाकरीचा कडक पापुद्रा आला की जीव जातो. कळ दाबताना तेवढी नाही, दात उचलताना जास्त. थंड पाणीही क्षणभर लागतं. कधी वाटतं वरची दाढ दुखतेय, कधी खालची. त्या बाजूला खालच्या दाढेत पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे. एक्सरे दोनदा काढला, दोन्हीदा क्लीन. एक डॉक्टर म्हणाले काही नाहीये, सेन्सिटिव्ह टूथपेस्ट लावा. दुसरे म्हणाले रूट कॅनाल करून टाका. तिसऱ्या म्हणाल्या चीर वाटतेय, कॅप घालूया. आता कोणाचं ऐकायचं, आणि जे एक्सरेत दिसतच नाही ते आहे कशावरून, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी परळला 23 वर्षं दातांची प्रॅक्टिस करतेय आणि तुम्ही लिहिलेलं वाचताना "दात उचलताना जास्त" या तीन शब्दांवर मी थांबले. किडलेला दात चावताना दुखतो, सुजलेली हिरडी चावताना दुखते, पण चावून सोडताना जी सणक जाते ती चीर गेलेल्या दाढेची खास खूण आहे. सगळ्यांनाच अशी कळ येते असं नाही, पण आली तर चीर नाही हे सिद्ध होईपर्यंत चीर आहे असंच मी धरते.

असं का होतं ते सांगते. दाढेवर दाब आला की चिरेच्या दोन बाजू किंचित फाकतात, डोळ्याला दिसणारही नाही इतक्या, आणि दाब सुटला की पटकन मिटतात. दाताच्या कडक पांढऱ्या कवचाच्या आत जो पिवळसर थर असतो त्यात हजारो बारीक नळ्या असतात, त्यात पाणी असतं आणि त्या आतल्या नसेपर्यंत जातात. चीर मिटताना ते पाणी एकदम ढकललं जातं आणि नस ओरडते. म्हणून ती कळ विजेसारखी असते, आली आणि गेली. थंड पाण्याने होतं तेही त्याच नळ्यांमुळे.

आता एक्सरे. प्लायवूडचा तक्ता समोरून बघितला तर एकसंध लाकूड वाटतं, कडेने बघितलं तरच थर दिसतात, बरोबर? दाढेतली चीर बहुतेक वेळा पुढून मागे जाते, म्हणजे दातांच्या रांगेच्याच दिशेने, आणि एक्सरेचा किरण येतो गालाकडून. म्हणजे तो चिरेकडे समोरून बघतो, कडेने नाही. त्यात चीर केसाहून बारीक. त्यामुळे एक्सरे क्लीन याचा अर्थ एवढाच की मोठी कीड नाही आणि मुळाशी हाड खाल्लेलं नाही. ही चांगली बातमी आहे, पण दाढ धड आहे याचा पुरावा नाही. बरेच जण मग विचारतात थ्रीडी स्कॅन करू का. त्यातही बारीक चीर सहसा पकडता येत नाही आणि चांदी किंवा मेटलची कॅप असेल तर फोटोत अशा रेघा उमटतात की नसलेली चीर दिसायला लागते. चिरेमुळे हाड झिजलंय का हे बघायचं असेल तेव्हा स्कॅनचा उपयोग आहे. नुसती चीर शोधायला मी पाठवत नाही, पेशंटचे पैसे जातात आणि प्रश्न तिथेच राहतो.

मग शोधायची कशी, तर चावून. आमच्याकडे एक छोटी प्लास्टिकची काडी असते, टोकाला उंचवटा आणि त्यात खळगी. दाढेला चार-पाच टोकं असतात, ती खळगी एकेका टोकावर बसवायची, पेशंटला सांगायचं हळू दाबा, धरून ठेवा, आता सोडा. तीन टोकांवर काही नाही आणि चौथ्यावर सोडल्याबरोबर पेशंटचा हात खुर्चीवर घट्ट होतो, डोळे मिटतात, "हीच ती" म्हणतात. महिनोन्‌महिने जी कळ सांगता येत नव्हती ती अशी बोट ठेवून सापडते. त्यानंतर लाइट. खोलीतले दिवे कमी करून बारीक टोकाचा लाइट दाढेला बाजूने टेकवायचा. निरोगी दाढ आकाशकंदिलासारखी सगळी उजळते. खोल चीर असली की प्रकाश चिरेपाशी अडतो, अर्धी दाढ उजेडात आणि पलीकडची अर्धी काळोखात. मी हे पेशंटला मोबाइलवर फोटो काढून दाखवते, कारण स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की शंका राहत नाही. मग हिरडीच्या कडेने खुणा असलेली बारीक सळई फिरवून खोली मोजायची. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी एकदम सात-आठ मिलिमीटर सळई आत गेली तर चीर मुळावर उतरलीये, ते चांगलं लक्षण नाही. आणि शेवटी, जुनं फिलिंग असेल तर ते काढून भिंगाखाली, लागलं तर निळा रंग लावून तळ बघायचा. चांदीच्या फिलिंगखाली चीर लपलेली असते, वरून कितीही बघितलं तरी कळत नाही.

हे सगळं का करायचं ते मी चूक करून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक बस ड्रायव्हर आले होते, वरच्या दाढेकडे बोट दाखवत होते, तिथे मोठं फिलिंगही होतं, मी रूट कॅनाल केलं. पंधरा दिवसांनी परत आले, कळ तशीच. तेव्हा कुठे मी खालच्या दाढेतलं फिलिंग काढलं आणि तळाशी पुढून मागे गेलेली चीर दिसली. एक चांगली दाढ मी विनाकारण मारली होती. पैसे परत केले, पण नस परत देता येत नाही. दाताच्या नसेचं दुखणं मेंदूला नीट जागा सांगत नाही, वर की खाली यात गफलत होते (उजवं-डावं मात्र सहसा चुकत नाही). तेव्हापासून ती कळ खुर्चीत बसून परत निघाल्याशिवाय, म्हणजे कोणत्या दाढेतून येते ते सापडल्याशिवाय, मी ड्रिल हातात घेत नाही. ताई, तुम्हालाही "कधी वाटतं वरची" असं होतंय ना, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. ज्यांनी रूट कॅनाल सांगितलं त्यांनी कोणत्या दाढेचं आणि कशावरून हे विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

चीर म्हणजे एकच प्रकार नव्हे, आणि उपाय त्याच्यावरच ठरतो. जुन्या चिनीमातीच्या कपावर बारीक रेघा असतात तशा रेघा बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या पुढच्या दातांवर असतात, आरशात टॉर्च मारला की दिसतात. त्या फक्त वरच्या कवचात असतात, दुखत नाहीत, त्यांना काही करायचं नसतं. त्या बघून घाबरून जाऊ नका आणि त्या दाखवून कोणी कॅप सुचवली तर थांबा. दुसरं म्हणजे दाढेचं एक टोक सुटणं, यालाच आपण टवका उडाला, कपचा निघाला म्हणतो. बघायला भयंकर, जिभेला धारदार लागतं, पण बऱ्याचदा नस वाचलेली असते आणि काम सोपं असतं. तिसरी खरी चीर, ताईंसारखी, वरून सुरू होऊन खाली उतरत चाललेली, दाढ अजून एकत्र आहे. तीच चालत चालत खाली गेली की दाढेची हरभऱ्याच्या डाळीसारखी दोन फाकं होतात, दोन्ही वेगवेगळी हलतात, आणि मग बहुतेक वेळा दाढ काढण्यावाचून गत्यंतर नसतं. पाचवा प्रकार मुळातून सुरू होणारा, तो जास्त करून जुनं रूट कॅनाल झालेल्या दातांत दिसतो, हिरडीवर एक पुळी येते, फुटते, परत येते, दुखत फारसं नाही म्हणून लोक वर्ष वर्ष काढतात.

तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचा प्रवास किती दिवसांचा, हे कोणीच सांगू शकत नाही. काहींची चीर वर्षानुवर्षं तिथेच राहते, काहींची एका मटणाच्या हाडाने संपते. हाड मोडलं तर जुळतं कारण त्यात जिवंत पेशी असतात. दाताचं वरचं कवच तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येईपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे ते पुन्हा भरून येत नाही. कोणतीही पेस्ट, तेलाच्या गुळण्या, लवंग, मंजन चीर जोडू शकत नाही. लवंगेने बधिर होतं हे खरं, पण लवंगेचं तेल थेट हिरडीवर लावलं तर भाजतं, आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवणाऱ्यांची हिरडी पोळून पांढरी पडलेली मी दर काही महिन्यांनी बघते. कृपा करून हे करू नका.

आता चीर का पडते ते. आपला जबडा अडकित्त्यासारखा चालतो. सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही, खिळीजवळ सरकवली की कट्‌कन फुटते. मागच्या दाढा जबड्याच्या सांध्याच्या म्हणजे खिळीच्या जवळ, म्हणून सगळ्यात जास्त जोर त्यांच्यावर, जोर लावून चावलं तर पन्नास-साठ किलोच्या वर जातो. त्यातही खालच्या दाढा जास्त चिरतात. त्यांच्या मधल्या खाचेत वरच्या दाढेचं टोक बरोबर येऊन बसतं, लाकडात पाचर ठोकावी तसं, दिवसातून शेकडो वेळा. मधोमध मोठं फिलिंग असेल तर दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. चांदी गरम-थंडात दातापेक्षा जास्त फुगते-आकसते, आणि ती दाताला चिकटलेली नसते, नुसती खाचेत बसवलेली असते, भिंतींना धरून ठेवत नाही. तरीही चांगली असलेली चांदी उगाच काढायला लावू नका, काढतानाही दात थोडा जातोच.

फिलिंग नसतानाही चीर पडते. वरळी कोळीवाड्यातल्या एक मावशी येतात माझ्याकडे, साठीच्या आहेत, एकही दात किडलेला नाही. लहानपणापासून खेकड्याची नांगी दाढेखाली फोडत आलेल्या. खालच्या शेवटच्या आधीच्या दाढेला चीर निघाली तेव्हा त्यांना खरंच वाटेना, कीड नाही तर दुखेल कसं. लाइट लावून फोटो दाखवला तेव्हा पटलं. कॅप घातली, चार वर्षं झाली, दाढ मस्त आहे, आणि नांगी आता वरवंट्याने फोडतात. अशा गोष्टी आपल्या खाण्यात पुष्कळ आहेत, संक्रांतीची कडक झालेली तिळाची वडी, चिक्की, अख्खी सुपारी, मटणाची नळी, तांदळातला खडा, सरबत संपल्यावर ग्लासातला बर्फ. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे टवके उडालेले पेशंट हमखास वाढतात. खाऊ नका म्हणत नाही, तिळाची वडी दाताने तोडण्याऐवजी हाताने मोडून चघळा, नळी चोखा, फोडू नका, आणि बर्फ मात्र सोडाच.

आणि दात चावण्याची सवय, झोपेत किंवा जागेपणी. सकाळी उठल्यावर जबडा अवघडलेला, कानशिलं दुखणं, गालाच्या आतून पांढरी रेघ, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, यातलं दोन-तीन असेल तर विचार करा. ताई, तुम्ही डोंबिवली-सीएसएमटी करता, गर्दीत लटकताना किंवा ऑफिसात डेडलाइनला दात आवळलेले असतात का ते दोन दिवस नुसतं बघा. तोंड मिटलेलं असताना वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेले नसावेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट हवी. हे कोणी शिकवत नाही म्हणून लोकांना माहीतच नसतं. झोपेत चावत असाल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर लागतं, डेंटिस्टकडे माप देऊन केलेला कडक गार्ड चांगला. ऑनलाइन मिळणारे मऊ गार्ड काही लोक चघळत बसतात, मग सवय अजून वाढते.

उपचार. ताईंना जे तीन सल्ले मिळाले त्यातला टूथपेस्टचा मी बाजूला ठेवेन, बाकी दोघांपैकी बरोबर कोण हे नसेवरून ठरतं. थंड लावून बघायचं. कळ आली आणि पाच-दहा सेकंदांत गेली तर नस चिडलीये पण जिवंत आणि सावरण्यासारखी आहे. थंड काढून घेतल्यावरही अर्धा मिनिट, मिनिटभर ठणकत राहिलं, गरम चहाने दुखलं, रात्री आपोआप दुखून जाग आली, तर नस सावरणार नाही आणि रूट कॅनाल टाळता येणार नाही. ताईंनी रात्रीचं दुखणं काही लिहिलेलं नाही, थंडही क्षणभर लागतं असं दिसतंय, त्यामुळे माझा कल कॅपकडे आहे. पण ती टेस्ट समोर बसून करायलाच हवी.

मी स्वतः लगेच पक्की कॅप घालत नाही. आधी जुनं फिलिंग काढते, चीर किती लांब आहे ते बघते, मग नवीन फिलिंग भरून दाढेभोवती स्टीलचा बँड बसवते किंवा तात्पुरती कॅप घालते, आणि दोन ते चार आठवडे थांबते. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायचे आठवतं का, चाक उकलू नये म्हणून, अगदी तेच काम. दाढ बांधली गेली, फाकायची थांबली की नस शांत होते का ते या दिवसांत कळतं. झाली तर पक्की कॅप. नाही झाली तर रूट कॅनाल आणि मग कॅप. घाई करून थेट रूट कॅनाल केलं तर जिवंत नस जाते आणि आत जायला दाढ अजून पोखरावी लागते. चिरेने आधीच कमजोर झालेल्या दाढेला ते परवडत नाही. फक्त एखादं टोकच सुटलं असेल तर पूर्ण कॅपऐवजी वरून झाकणासारखं ओनले बसतं, दात जास्त वाचतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. नस चांगली आहे म्हणून नुसती कॅप घातलेल्या चिरेच्या दाढांपैकी साधारण पाचातल्या एकीला पुढे रूट कॅनाल लागतंच, बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. ते कॅपला भोक पाडून करता येतं. यात डॉक्टर चुकले असं नसतं, चीर नसेच्या किती जवळ पोचलीये ते बाहेरून कळत नाही. पण उरलेल्या चौघींची नस वाचते, म्हणून हा रस्ता मला योग्य वाटतो. कॅप कशाची, तर मागच्या दाढेला झिरकोनिया (दातासारखं पांढरं, मजबूत सिरॅमिक) किंवा मेटल, दोन्ही चालतं. तिथे दिसण्यापेक्षा वरची उंची बरोबर असणं महत्त्वाचं. कॅप किंचितही उंच लागली तर त्याच दिवशी सांगा, "सवय होईल" म्हणून घरी जाऊ नका.

ज्यांचं रूट कॅनाल झालंय आणि दुखायचं थांबलं म्हणून कॅप राहून गेलीये त्यांनी हे नीट वाचा. दुखत नाही कारण नस काढलीये. दाढ आतून पोकळ आहे आणि आता चीर गेली तर इशारा द्यायला कळही येणार नाही, एक दिवस जेवताना सरळ दोन तुकडे हातात येतील. असे पेशंट मी महिन्याला बघते, आणि तेव्हा माझ्याकडे दाढ काढण्याशिवाय द्यायला काही नसतं. मला सगळ्यात जास्त वाईट याच पेशंटांचं वाटतं.

खर्चाची अडचण असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल कॉलेज या दोन्हीकडे हे सगळं होतं, खासगीच्या मानाने फारच कमी पैशात. लाइन असते, फेऱ्या जास्त होतात, पण शिकवणारे सीनियर डॉक्टर बघतात आणि नंबर सकाळी लवकर लावावा लागतो. ताई, तुमचं ऑफिस फोर्टलाच आहे, सेंट जॉर्ज चालत जाण्यासारखं आहे.

तोवर काय. त्या बाजूने चावणं बंद, कडक काही नाही, फार थंड-फार गरम नाही. मुद्दाम चावून चावून "अजून दुखतंय का" बघू नका, दर वेळी ती पाचर परत ठोकली जाते. दुखलंच तर तुम्हाला चालत असेल ती नेहमीची पॅरासिटामॉल. गालाला सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

आणि डॉक्टरांकडे जाताना दोन्ही जुने एक्सरे घेऊन जा, शिवाय एक चिठ्ठी लिहून न्या: कळ दाबताना की सोडताना, थंडाची कळ किती सेकंद टिकते, गरमाने होतं का, रात्री जाग येते का. खुर्चीत बसल्यावर यातलं अर्धं विसरायला होतं. मग त्यांना सांगा की आधी ती काडी लावून कळ कुठल्या टोकातून निघते ते शोधा, आणि सापडली की आरशात तुम्हीही बघा.